७९ म्हणजे सोनं: टंचाच्या काउंटरवरून प्रोटॉन मोजायची रीत

आमच्या काउंटरवर डाग, म्हणजे दागिना, ठेवला की मिनिटाभरात चिठ्ठी निघते: सोनं ९१.४०, चांदी ४.३५, तांबं ४.२५. परवा एक आजी पाटल्या घेऊन आल्या होत्या. त्यांनी चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाल्या, "घासलं नाहीस, कापलं नाहीस, तेजाब लावलं नाहीस. मग तुझ्या या डब्याला कळलं कसं गं?" मी म्हटलं, "आजी, डबा प्रोटॉन मोजतो." त्यांनी लगेच पाटल्या हातात घेऊन तोलून बघितल्या. मोजताना डब्यानं काही काढून तर घेतलं नाही ना!

याचं नीट उत्तर द्यायला अर्धा तास लागतो आणि बाजाराच्या दिवशी तेवढा वेळ नसतो, म्हणून लिहून ठेवते. माझा भाचा नववीत आहे. त्याच्या वहीतल्या चुकाही यात येतील, कारण त्या बहुतेक सगळ्यांच्याच वहीत असतात.

आमचं घर गलाईवाल्यांचं. सांगली जिल्ह्यातल्या विटा-खानापूरकडची माणसं सोन्याचांदीच्या भट्ट्या घालायला देशभर पांगली, त्यांतलेच आमचे आप्पा. तीस वर्षं तमिळनाडूत भट्टीपुढं बसले. मी केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. केलं आणि विट्यातच टंच काढायचं, म्हणजे सोन्याची शुद्धता तपासायचं, दुकान टाकलं. आप्पांचा कसोटीचा दगड अजून गल्ल्यात आहे, आणि त्याच्या शेजारी क्ष-किरणांचं यंत्र. दोघांचं पटतं, बहुतेक वेळा.

आधी रंग आणि वजन बाजूला ठेवा

मूलद्रव्य ओळखायचं तर पहिलं काम हेच. पिवळं ते सोनं असतं तर पितळेच्या घंगाळात आंघोळ करणारे सगळे श्रीमंत म्हणायचे. उलटंही होतं. सोनं आम्लराजात (नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक तेजाबांच्या मिश्रणात) विरघळवून त्यात हिराकस (फेरस सल्फेट) घातला की तळाशी तपकिरी गाळ बसतो. ओल्या विटकरीच्या चुऱ्यासारखा. नव्या पोरानं तो मोरीत ओतून द्यावा असाच दिसतो, आणि असतं ते चोख सोनं. मुशीत घालून वितळवलं की पिवळं होऊन बाहेर येतं.

वजनाचंही तसंच. पाण्यात बुडवून घनता काढायची रीत जुनी आणि चांगली आहे: सोन्याची घनता १९.३, चांदीची १०.५, तांब्याची ८.९६. पितळेवर मुलामा दिला असेल तर ही रीत लगेच पकडते. पण टंगस्टनची घनता १९.२५ आहे. पाण्याला त्या दोघांतला फरक कळत नाही. टंगस्टनची गोष्ट पुढं सांगते, त्यात मी स्वतः तोंडघशी पडले होते.

मग विचारायचं काय? एकच आकडा: याच्या एका अणूच्या केंद्रकात प्रोटॉन किती? तो आकडा म्हणजे अणुअंक. ७९ असेल तर सोनं. दिसायला तपकिरी असो, पिवळं असो, पाण्यात विरघळलेलं असो. ७८ असेल तर प्लॅटिनम आणि ८० असेल तर पारा, जो हातावर ठरत नाही. एका प्रोटॉननं इतकं अंतर पडतं.

आमच्या धंद्यातले आकडे मी भाच्याला पाढ्यासारखे पाठ करायला लावलेत. लोखंड २६, कोबाल्ट २७, निकेल २८, तांबं २९, जस्त ३०. हे पाच ओळीनं येतात म्हणून सोपे. मग रुथेनिअम ४४, चांदी ४७, कॅडमिअम ४८, कथील ५०. वरच्या माळ्यावर टंगस्टन ७४, इरिडिअम ७७, प्लॅटिनम ७८, सोनं ७९, पारा ८० आणि शिसं ८२. एवढ्यावर सराफी पेठेतला जवळजवळ सगळा माल मावतो.

एक सूचना, मोबाइलवर हिंदी व्हिडिओ बघून अभ्यास करणाऱ्यांसाठी. हिंदीत ज्याला 'परमाणु' म्हणतात तो आपला अणू, आणि हिंदीतला 'अणु' म्हणजे आपला रेणू. भाच्यानं चाचणीत 'पाण्याचा अणू' लिहून अर्धा गुण घालवला, तो याच्यामुळं.

इलेक्ट्रॉन मोजून का चालत नाही

अणूत तीन प्रकारचे कण आहेत, मग मान फक्त प्रोटॉनला का? माझ्या मते हा प्रश्न मुलांनी विचारायलाच हवा, आणि 'अशी व्याख्याच आहे' हे उत्तर देऊन त्यांना गप्प बसवू नये.

प्रोटॉनवर धनप्रभार असतो. केंद्रकात ७९ प्रोटॉन असले की त्यांच्या ओढीनं भोवती ७९ इलेक्ट्रॉन जमतात. त्यांची मांडणी कशी होते यावर बाकीचं सगळं ठरतं: धातू गंजणार का, तेजाबात जाणार का, रंग कसा दिसणार. नायट्रिक तेजाबात चांदी विरघळते आणि सोनं तसंच राहतं, ते या मांडणीतल्या फरकामुळं. गलाईचा निम्मा धंदा त्या एका फरकावर उभा आहे. पण मांडणी इलेक्ट्रॉनांची असली तरी किती इलेक्ट्रॉन बोलवायचे हे केंद्रकातले प्रोटॉन ठरवतात.

आणि इलेक्ट्रॉन हे येणारे-जाणारे पाहुणे. नायट्रिक तेजाबात चांदी विरघळते तेव्हा तिचा प्रत्येक अणू एक इलेक्ट्रॉन गमावतो. उरले ४६. आता आवर्तसारणीचा तक्ता काढून बघा, ४६ वर पॅलॅडिअम आहे. इलेक्ट्रॉन मोजून ओळख ठरवली असती तर बरणीत पॅलॅडिअम म्हणावं लागलं असतं आणि चांदीवाला गिऱ्हाईक आनंदानं नाचलं असतं. पण त्या बरणीत तांब्याची पट्टी सोडली की काय होतं? पट्टीवर राखाडी कापसासारखी चांदी चढायला लागते आणि पाणी हळूहळू निळं होतं. तांब्याच्या एका अणूनं दोन इलेक्ट्रॉन दिले, चांदीच्या दोन अणूंनी एकेक घेतला. देणंघेणं पुरं झालं. चांदीचे ४७ आणि तांब्याचे २९ प्रोटॉन आपापल्या केंद्रकात जसेच्या तसे. तेजाबात गेलेली चांदी चांदी म्हणूनच परत मिळते, एवढ्यासाठीच आप्पा बिनघोर झोपायचे.

सोन्याचंही तेच. आम्लराजात गेलेल्या सोन्याच्या अणूचे तीन इलेक्ट्रॉन जातात, म्हणजे ७६ चा हिशोब उरतो, आणि ७६ वर ऑस्मिअम आहे. तरी ते सोनंच. याची एक खरी गोष्ट आहे. १९४० साली जर्मन सैन्य कोपनहेगनमध्ये शिरलं, तेव्हा नील्स बोर यांच्या संस्थेत माक्स फॉन लाउए आणि जेम्स फ्रांक या दोन जर्मन शास्त्रज्ञांची नोबेल पदकं ठेवायला दिलेली होती. जर्मनीतून सोनं बाहेर नेणं तेव्हा मोठा गुन्हा होता, आणि पदकांवर तर नावं कोरलेली. तिथं काम करणाऱ्या जॉर्ज हेवेशी यांनी दोन्ही पदकं आम्लराजात विरघळवली आणि ती बरणी इतर बरण्यांबरोबर फळीवर ठेवून दिली. युद्ध संपल्यावर ती जागच्या जागी सापडली. सोनं परत काढलं आणि त्याची पदकं नव्यानं पाडून दिली गेली. आप्पांना ही गोष्ट सांगितली तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "घट किती आली?"

घरी करून बघायचा मोह आवरा. नायट्रिक तेजाबातून तांबूस धूर निघतो, तो छातीत गेला की फुप्फुसं पोळतात. आमच्याकडं त्यासाठी धुराडं आणि पंखा आहे.

न्यूट्रॉनचा हिशोब, आणि वहीतली ती चूक

न्यूट्रॉनला प्रभार नाही. तो केंद्रकाचं वजन वाढवतो, धातूची जात बदलत नाही. सोन्याचा निसर्गात टिकून राहणारा एकच प्रकार आहे: वस्तुमानांक १९७, म्हणजे ७९ प्रोटॉन आणि ११८ न्यूट्रॉन. चांदीचे दोन आहेत, १०७ आणि १०९. पैंजणातल्या दर शंभर अणूंतले ५२ च्या आसपास पहिल्या प्रकारचे, उरलेले दुसऱ्या. दोन्हीत प्रोटॉन ४७. कसोटीवर दोन्हींचा कस सारखाच, तेजाबात दोन्ही सारखेच जातात, भावही एकच. यांनाच समस्थानिकं म्हणतात, कारण आवर्तसारणीत दोघांचं स्थान एकच.

सूत्र सगळ्यांना येतं: वस्तुमानांकातून अणुअंक वजा केला की न्यूट्रॉन. चूक होते ती वस्तुमानांक कुठून उचलायचा त्यात. भाच्यानं तक्त्यातलं चांदीचं १०७.८७ घेतलं, त्याचं १०८ केलं, त्यातून ४७ वजा केले आणि उत्तर लिहिलं ६१ न्यूट्रॉन. बाईंनी बरोबरची खूण केली. पण निसर्गातल्या चांदीत ६१ न्यूट्रॉनचा अणूच नसतो! एक तर ६०, नाही तर ६२. तक्त्यातला अपूर्णांक ही दोन्ही प्रकारांची सरासरी आहे. एका घरात नवरा पाच फूट आठ इंच आणि बायको पाच फूट दोन इंच, तर सरासरी पाच फूट पाच इंच येते, पण तेवढ्या उंचीचं माणूस त्या घरात शोधून सापडणार नाही.

तांब्याचंही बघा. तक्त्यात ६३.५५. त्याचं ६४ करून ३५ न्यूट्रॉन काढणारे पुष्कळ. प्रत्यक्षात तांब्याचे अणू ६३ आणि ६५ वस्तुमानांकाचे, म्हणजे न्यूट्रॉन ३४ किंवा ३६. म्हणून रीत अशी ठेवा: प्रश्नात वस्तुमानांक दिला असेल तर तोच घ्या. दिला नसेल तर कोणतं समस्थानिक ते आधी विचारा. आणि अपूर्णांक दिसला की ती सरासरी आहे हे ओळखून हात आवरा. परीक्षेत पूर्णांक करूनच मागत असतील तर द्या करून, गुण सोडू नका, पण मनात फसू नका.

मोजायचं कसं

आता आजींच्या प्रश्नाकडं. प्रोटॉन डोळ्यांनी दिसत नाहीत, चिमट्यात येत नाहीत. मग मोजले कुणी?

१८६९ मध्ये मेंडेलीवनं तक्ता मांडला तो अणुभाराच्या चढत्या क्रमानं. गुणधर्म जुळवायला काही ठिकाणी त्याला क्रम मोडावा लागला. टेल्युरिअम आयोडिनपेक्षा जड, तरी आधी. कोबाल्ट आणि निकेलचीही तीच कुरकुर: निकेल किंचित हलकं, पण जागा नंतरची. म्हणजे वजनाच्या मागं दुसराच कुठला तरी क्रम लपलेला होता आणि तो नेमका कशाचा हे कुणाला सांगता येत नव्हतं.

ते दाखवून दिलं हेन्री मोझली या पंचविशीतल्या इंग्रज पोरानं, १९१३ मध्ये, मँचेस्टरला. त्यानं निर्वात नळीत छोटे रूळ टाकले, त्यांवर एक गाडा बसवला, गाड्यावर वेगवेगळ्या धातूंचे तुकडे. दोरीनं गाडा ओढायचा, एकेक धातू इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याखाली आणायचा आणि त्यातून निघणाऱ्या क्ष-किरणांचा फोटो घ्यायचा. प्रत्येक धातूच्या ठरावीक रेषा उमटल्या. फोटो एकाखाली एक लावले तर रेषा पायऱ्यांसारख्या सरकत गेलेल्या, दर धातूला एक पायरी. जस्तासाठी त्यानं वापरलं होतं पितळ. पितळेच्या फोटोत तांब्याच्या रेषाही आल्या आणि जस्ताच्याही, आपापल्या जागी. मिश्रधातू न फोडता त्यातलं काय-काय ते कळलं. माझ्या मते टंचाच्या धंद्यातला तो पहिला रिपोर्ट, फक्त त्यावर कुणी शिक्का मारला नव्हता.

कोबाल्ट २७ आणि निकेल २८, हे त्या पायऱ्यांनी पक्कं केलं. पुढच्या वर्षी मोझलीनं ॲल्युमिनिअमपासून, म्हणजे १३ पासून, सोन्यापर्यंत, म्हणजे ७९ पर्यंत ही शिडी नेली. मधल्या तीन पायऱ्या रिकाम्या असल्याचं त्यानं सांगितलं: ४३, ६१ आणि ७५. तिन्ही नंतर भरल्या. ४३ चं टेक्नेशिअम १९३७ मध्ये पालेर्मोला सापडलं. ७२ व्या पायरीवर कोणतं मूलद्रव्य, हा घोळ १९२३ मध्ये कोपनहेगनला याच क्ष-किरणांच्या रीतीनं सुटला, आणि ते हाफ्निअम शोधणाऱ्या दोघांतले एक होते पदकं विरघळवणारे हेवेशी. मोझली ते बघायला नव्हता. १० ऑगस्ट १९१५ ला गॅलिपोलीच्या लढाईत तो मारला गेला, वयाच्या २७ व्या वर्षी. हे लिहिताना दर वेळी हात थांबतो.

आमचा डबा तेच करतो, फक्त इलेक्ट्रॉनांच्या जागी क्ष-किरणच मारतो. तो किरण अणूतला अगदी आतला एक इलेक्ट्रॉन उडवतो. रिकाम्या जागी वरच्या कक्षेतला इलेक्ट्रॉन उतरतो आणि उतरताना नेमकी तेवढी ऊर्जा क्ष-किरणाच्या रूपानं बाहेर टाकतो. केंद्रकाला इतका चिकटून बसलेल्या इलेक्ट्रॉनला बाहेरच्या जगाचं काही पडलेलं नसतं. त्याला जाणवते ती केंद्रकातल्या प्रोटॉनांची ओढ. म्हणून ती ऊर्जा प्रोटॉनांच्या संख्येवर ठरते, आणि सोनं मंगळसूत्रात असो की आम्लराजात, रेषा जागची हलत नाही.

हे तुम्ही घरी कॅल्क्युलेटरवर करून बघू शकता. यंत्राच्या पडद्यावर रेषा शिखरासारखी दिसते, आणि एका शिखराची ऊर्जा ८०५० इलेक्ट्रॉन-व्होल्ट (ऊर्जेचं एक लहान माप) येते. तिला १०.२ नं भागा: ७८९. त्याचं वर्गमूळ २८.०९. त्यात १ मिळवा: २९.०९. म्हणजे २९, तांबं. दुसरं शिखर ८६४० वर. भागाकार ८४७, वर्गमूळ २९.१, अधिक १, आले ३०. जस्त. दोन्ही शिखरं एकत्र दिसली तर समोरचा डाग पितळेचा आहे, आणि गिऱ्हाइकाला ते कसं सांगायचं याचा विचार आता करायला लागा.

हे १०.२ कुठून आलं? हायड्रोजनच्या अणूत दुसऱ्या कक्षेतून पहिल्या कक्षेत उतरणारा इलेक्ट्रॉन १०.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट सोडतो, तोच हा आकडा. आणि १ मिळवायचा तो अशासाठी की आतल्या कक्षेत उरलेला दुसरा इलेक्ट्रॉन केंद्रकाची एका प्रोटॉनइतकी ओढ झाकतो.

सोन्याला हे सूत्र लावू नका. सोन्याचा सर्वांत आतला इलेक्ट्रॉन उडवायला ८० हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या वर लागतात, काउंटरवरच्या यंत्राला ते झेपत नाही. म्हणून सोन्याची त्यापुढच्या कक्षेची रेषा धरतात, आणि तिथं भाजक १.८९ आणि मिळवायचे ७.४. सोन्याचं शिखर ९७१० वर येतं. भागाकार ५१३८, वर्गमूळ ७१.६८, अधिक ७.४ म्हणजे ७९.०८. प्लॅटिनमचं ९४४० वर, करून बघा, ७८ येतील. एका प्रोटॉनचा फरक पडद्यावर २७० इलेक्ट्रॉन-व्होल्टचा दिसतो.

चांदीला मात्र पहिलं सूत्र लावलंत तर गंमत होईल. तिचं शिखर २२१६० वर. गणित केलं तर ४७.६ येतात आणि तुम्ही पूर्णांक करून चांदीला कॅडमिअम ठरवाल! जड अणूंत आतल्या इलेक्ट्रॉनचा वेग फार वाढतो आणि हे सोपं सूत्र थोडं ढळायला लागतं. म्हणून यंत्रं सूत्रावर विसंबत नाहीत. माहीत असलेले नमुने दाखवून त्यांना शिकवावं लागतं. रोज सकाळी अगरबत्ती लावायच्या आधी मी टंच माहीत असलेला नमुना ठेवून बघते. आकडा हलला असेल तर त्या दिवशी आधी यंत्राची दुरुस्ती, मग गिऱ्हाईक.

डबा कुठं फसतो

यंत्र प्रोटॉन ओळखण्यात चुकत नाही, पण सोन्यात त्याची नजर वरच्या काही मायक्रॉनपर्यंतच पोचते. जाड मुलामा असला की त्याला फक्त मुलामा दिसतो.

दुकान नवं होतं तेव्हा एक माणूस लगड, म्हणजे सोन्याची कांडी, घेऊन आला. यंत्रानं ९९ च्या वर टंच दाखवला. पाण्यातलं वजन घेतलं, घनता चोख सोन्याची. मी चिठ्ठी दिली. संध्याकाळी आप्पांना फोनवर रुबाबात सांगितलं, तर ते म्हणाले, "कापून बघितलीस का?" नव्हती बघितली. आठवड्यानं ज्यानं ती विकत घेतली त्यानं भट्टीत घातली. वरचं सोनं १०६४ अंशांना पातळ होऊन खाली आलं आणि मुशीत राखाडी ठोकळा तसाच उभा. टंगस्टन. ते वितळतं ३४२२ अंशांना, भट्टीला कसलं दाद देतंय! आत ७४, वर ७९. माझं यंत्र खोटं बोललं नव्हतं, ते वरच्या अणूंबद्दल खरंच सांगत होतं. पुढं मी त्या सराफाकडं जाऊन चिठ्ठी मागं घेतली आणि तेव्हापासून लगड कापल्याशिवाय किंवा ड्रिल मारल्याशिवाय टंच देत नाही.

तेव्हा यंत्रापुढं डाग ठेवायच्या आधी पुसून घ्या, तेल, कुंकू, साबण सगळं. एका जागेवर विश्वास ठेवू नका, तीन-चार ठिकाणी बघा. आतून लाख भरलेल्या डागाचं वजन आणि टंच यांची गल्लत करू नका. डाखाच्या (तुकडे जोडायला वितळवून लावलेल्या धातूच्या) सांध्यावर किरण पडला तर टंच कमी दिसतो, कारण डाखात चांदी, तांबं, जस्त जास्त असतं. जुन्या डागांत सांध्यावर ४८ चं शिखर उठलं तर तो कॅडमिअमचा डाख, ज्याला बाजारात केडीएम म्हणायचे. त्याचा धूर विषारी. असा डाग वितळवायचा असेल तर मी भट्टीवाल्याला आधी फोन करते.

दुसरी भेसळ इरिडिअमची पूड. ७७ आणि ७९, रेषा जवळजवळ. जुन्या यंत्रांच्या पडद्यावर दोन्ही शिखरं एकमेकांत मिसळून एकच ढेकूळ दिसायची आणि इरिडिअमही सोन्यात मोजलं जायचं. नव्या यंत्रांना दोन शिखरं वेगळी दिसतात. तुमच्या सराफाकडचं यंत्र कोणतं, हे विचारायला लाजू नका. हॉलमार्कवरचं ९१६ म्हणजे हजारात ९१६ भाग सोनं, हे बहुतेकांना माहीत असतं. उरलेले ८४ भाग कशाचे, हे फार थोडे विचारतात.

आकडा बदलायचा म्हटलं तर

परिसाची गोष्ट सांगितली की भाचा लगेच वजाबाकी करतो: लोखंड २६, सोनं ७९, म्हणजे परिसाला दर अणूमागं ५३ प्रोटॉन कोंबावे लागणार, आणि न्यूट्रॉन वेगळेच. नुसत्या स्पर्शानं इलेक्ट्रॉन हलतात. भट्टी, तेजाब, वीज यांनीही इलेक्ट्रॉनच हलतात. केंद्रकाला हात लावायला लागणारी ऊर्जा त्यांच्या लाखो पट आहे.

पण केंद्रक फुटतंच नाही असंही नाही. सोन्याच्या केंद्रकात एक जादा न्यूट्रॉन घातला तर १९८ वस्तुमानांकाचं सोनं होतं. अजून ७९, अजून सोनं. मात्र ते टिकत नाही. २.७ दिवसांत त्यातले निम्मे अणू बदलतात: आतला एक न्यूट्रॉन प्रोटॉन होतो, आकडा ८० होतो, आणि बनतो पारा. म्हणजे सोन्याचा पारा करणं त्या मानानं सोपं आहे. उलट्या दिशेनंही झालंय. १९४१ मध्ये अमेरिकेत हार्वर्डला पाऱ्यावर वेगवान न्यूट्रॉनांचा मारा करून सोनं बनवलं, पण ते किरणोत्सारी, काही दिवसांत विरणारं.

सगळ्यात महाग सोनं जिनिव्हाजवळच्या सर्नमध्ये निघालं. तिथल्या मोठ्या यंत्रात शिशाची केंद्रकं प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास पळवतात. दोन केंद्रकं न धडकता एकमेकांच्या अगदी जवळून गेली की कधी-कधी एखाद्यातून तीन प्रोटॉन उडून जातात. ८२ उणे ३, ७९. २०१५ ते २०१८ या काळात अशी सोन्याची ८६ अब्ज केंद्रकं तयार झाल्याचा हिशोब तिथल्या ॲलिस प्रयोगानं २०२५ मध्ये मांडला, आणि ती सगळी क्षणात फुटूनही गेली.

मी तो आकडा आप्पांना वजनात करून सांगितला: २९ पिकोग्रॅम. आमच्या काट्यावर दिसणारा सगळ्यात लहान आकडा एक मिलिग्रॅमचा. तेवढा हलायलाही असं सोनं साडेतीन कोटी पट जमवावं लागेल. आप्पांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "आणि शिसं किती लागलं त्यांना?"